नाताळात जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल, दोघंच जातोय

हळदवाला_सांगली: मी आणि बायको २५ ला पहाटे गाडी काढून जायचं म्हणतोय, तिला कॅथेड्रल आतनं निवांत बघायचंय, पण ख्रिसमसला नुसतं बघायला सोडतात का? आणि रस्ता आंबोली घाटाचा बरा का चोर्ला घाटाचा?

कृष्णाकाठ: २५ ला नको भावा. मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना चालू असताना मोबाईल घेऊन फिरणं बरं दिसत नाही. २७ ला जावा, येशूजन्माच्या गोठ्याची सजावट तेव्हाही असते. थर्टीफर्स्टवाल्यांची गर्दी होईल, पण सकाळी लवकर गेलात तर चालतंय.

मिरजकर: समोरनं एक बाजू मोकळी दिसते बघा, तिथला मनोरा १७७६ ला पडला तो परत बांधलाच नाही. काम १५६२ ला सुरू होऊन १६१९ ला संपलेलं. आतली मुख्य वेदी मात्र सोडू नका, सेंट कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत, सगळा सोनेरी मुलामा, मी मान वर करून बघत बसलो आणि आमची ही कधी बाहेर गेली पत्ता नाही 😀

कृष्णाकाठ: रस्त्यापलीकडं बॉम जीझस चर्च पण करा, संत फ्रान्सिस झेवियरचं शव तिथंच आहे. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला, हाफ पँट नको.

हळदवाला_सांगली: बरं, २७ फिक्स. रस्त्याचं कुणीच बोलंना राव

मिरजकर: आंबोली. आजऱ्यात नाष्टा करा.