फॉरवर्डला पाचाचा लगाम: ॲपनं आपलं भलं बघावं का?

सुतावरून_स्वर्ग:
१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटणही काढलं. म्हणजे बटण हलवून उतावळ्या बोटाला आवर घालता येतो. मग ॲप बांधतानाच हा विचार का नाही? पाच जीव जायची वाट कशाला बघायची?

खडूस_काकू:
पाच-पाच करत पंचवीस होतातच की! आमच्या सोसायटीतले एक आजोबा 'हळद-लिंबानं सगळं बरं होतं'चा व्हिडिओ निवांत बसून सगळ्या ग्रुपांवर टाकतात. त्यांना वेळच वेळ आहे.

सुतावरून_स्वर्ग:
आजोबा टाकतील हो. पण सगळ्यांनाच तेवढी चिकाटी नसते. एप्रिल २०२० मध्ये बऱ्याच हातांतून फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं, तेव्हा असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटले.

रानवाट:
आकडा कंपनीचाच ना? आणि त्याच एप्रिलच्या १६ तारखेला पालघरच्या गडचिंचल्यात चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले. लगाम घालूनही अफवा थांबली नाहीच.

मला सांगलीचं मोहित्यांचे वडगाव जास्त पटतं. २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघर फिरून सांगायच्या. गावानं ठरवलं, कुठल्या कंपनीनं नाही. तिचा धंदाच आपण स्क्रीनला चिकटून राहण्यावर चालतो, ती आपलं भलं कशाला करेल?

सुतावरून_स्वर्ग:
स्वखुशीनं नाहीच करणार. राईनपाड्यानंतर सरकारनं कान उपटले म्हणून केलं. म्हणून तर म्हणतोय, गाड्यांना सीटबेल्टची सक्ती आहे तशी इथंही हवी. गावानं भोंगा वाजवायचा आणि कंपनीनं रात्रभर नोटिफिकेशनचा मारा करायचा, हा कुठला न्याय?

रानवाट:
सक्ती कोण ठरवणार? आज अफवा अडवायला लगाम, उद्या मोर्चाचा निरोपही पाचांवरच थांबेल. हा नियम मेसेजमध्ये काय लिहिलंय ते बघत नाही, मोजतो फक्त.

खडूस_काकू:
भोंग्याचं मात्र आमच्या सोसायटीत करून बघावं म्हणते. पण सातला सगळ्यांच्या मालिका लागतात. वाजवणार कोण, सेक्रेटरी? त्यांचीच आधी सुरू असते.