दहा हजारांच्या आत गाडीचा सायलेन्सर बदलताना काय करावे आणि काय टाळावे?

प्रश्न (नाशिकच्या सातपूरहून)

नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची, बाराशे सीसीची, भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाची पेट्रोल हॅचबॅक आहे. घर सातपूरला आणि नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत असल्यामुळे गाडी एका वेळी जेमतेम पाच-सहा किलोमीटर धावते आणि मग दिवसभर उभी राहते. गेल्या पावसाळ्यापासून तिचा आवाज फाटल्यासारखा येऊ लागला. खाली वाकून पाहिले, तेव्हा मागच्या सायलेन्सरच्या शिवणीलगत बोट जाईल एवढे भोक दिसले आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचताच पत्र्याच्या खपल्या हातात आल्या.

कंपनीचा मूळ सायलेन्सर मजुरीसह साडेसहा हजारांना पडेल, असे मला सांगण्यात आले आहे. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मात्र वेगळाच प्रस्ताव मिळाला. पुढून मागपर्यंत अडीच इंची पाइप, मोकळा आवाज देणारा सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) फोडून आतला जाळीदार गाभा काढून टाकणे, असे सगळे नऊ हजारांत करून देऊ आणि तो गाभा आम्हीच ठेवून घेऊ, असे ते म्हणतात. त्यामुळे पिकअप आणि अॅव्हरेज दोन्ही वाढतील, असा त्यांचा दावा आहे. कसारा घाट चढताना गाडी थोडी कमी पडते, म्हणून मला मोह होत आहे. माझी मर्यादा दहा हजारांची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (इंदिरानगरहून)

सर्वांत आधी कन्व्हर्टरविषयी लिहितो, कारण या व्यवहारात तुमचे खरे नुकसान तिथेच होणार आहे. त्या जाळीदार गाभ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो आणि तो वितळवून धातू काढणारे लोक तो रोख पैसे देऊन विकत घेतात. म्हणजे गॅरेजवाले तुमच्याकडून नऊ हजार घेतील आणि तुमच्या गाडीतील सर्वांत महाग वस्तूही ठेवून घेतील. पुढे कधी नवा कन्व्हर्टर बसवायची वेळ आली, तर तुमचे दहा हजार त्यात कुठल्या कुठे जातील. शिवाय कन्व्हर्टरच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. मागच्या सेन्सरला गाभा काम करत नसल्याचे कळले की चेक इंजिनचा दिवा लागतो. पीयूसीच्या वेळी भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मर्यादा आहे, आणि गाभा नसलेल्या गाडीला ती पाळणे फार अवघड असते.

आता अडीच इंची पाइपाबद्दल. जाड पाइप म्हणजे जास्त ताकद, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्येक सिलिंडरमधून धूर एकसारखा वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो, आणि पाइप योग्य मापाचा असेल तर पुढे गेलेला धक्का मागच्या धुराला ओढून नेण्यास मदत करतो. बाराशे सीसीच्या इंजिनाला अडीच इंची पाइप लावला की धुराचा वेग मंदावतो आणि शहरात आपण ज्या दीड ते तीन हजार आरपीएमच्या टप्प्यात गाडी चालवतो, नेमक्या तिथेच ती ढिली वाटू लागते. आवाज मोठा झाल्यामुळे चालवणाऱ्याला गाडी जोरात पळते आहे असे वाटते, एवढेच. मधला रेझोनेटर, म्हणजे आवाजातली घुमघुम शोषणारा डबा, हाही काढला, तर मुंबईच्या रस्त्यावर एका वेगात जाताना केबिनमध्ये जे घुमणे सुरू होते, त्याने तासाभरात डोके दुखते. मी स्वतः आधीच्या गाडीत हा प्रयोग केला होता आणि चार महिन्यांत मूळ रेझोनेटर परत बसवून घेतला.

तुमचा सायलेन्सर इतक्या लवकर का सडला, याचे उत्तर तुमच्या रोजच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. मागचा डबा पुरेसा तापण्याआधीच गाडी बंद झाली, तर ती वाफ आत थिजते आणि आम्लधर्मी पाणी तळाशी साचून पत्र्याला आतून खाते. डिसेंबरच्या सकाळी टेलपाइपमधून जे थेंब पडतात, ते हेच पाणी होय. नव्या सायलेन्सरच्या तळाला पाणी निघण्याचे बारीक छिद्र असेल, तर ते गळती समजून कोणालाही बुजवू देऊ नका. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

आणि एक कळकळीची विनंती. भोक असेपर्यंत डिकी उघडी ठेवून किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उत्तर २ (अंबडहून)

मी फॅब्रिकेशनच्या कामात आहे, म्हणून धातूपुरते लिहितो. बाजारात स्वस्त मिळणारा साध्या पत्र्याचा सायलेन्सर तुमच्यासारख्या वापरात दोन-तीन पावसाळे काढतो. त्यापेक्षा स्टेनलेसचा घ्या, पण "स्टेनलेस" एवढ्या शब्दावर समाधान मानू नका. खिशात छोटे लोहचुंबक घेऊन जा. ४०९ ग्रेडला ते चिकटते. कंपन्यांच्या मूळ सायलेन्सरमध्ये हा ग्रेड खूप वापरला जातो आणि वरवर तांबूस गंज दिसला तरी तो टिकतो. ३०४ ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, तो अधिक टिकाऊ आणि अधिक महाग असतो. फक्त मागचा डबा ३०४ चा आणि पाइप मूळ मापाचाच ठेवला, तर तुमच्या अंदाजपत्रकात काम बसते.

जोड आर्गॉन वेल्डिंगनेच करून घ्या. जुना साधा पाइप आणि नवा स्टेनलेस जोडायचा असेल, तर ३०९ ग्रेडची फिलर वायर (जोडात वितळवून भरायची तार) वापरावी लागते. नाहीतर जोडाशेजारी तडा जाण्याची आणि गंज धरण्याची भीती असते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढायला सांगा, कारण इंजिनच्या कॉम्प्युटरला धक्का बसला तर सगळी बचत वाया जाईल. सायलेन्सर टांगून धरणारी हँगरची रबरे त्याच वेळी बदला. ती शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे, पण एक रबर तुटले की सगळा भार जोडावर येतो आणि आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक पाहता तो जोड फार दिवस टिकत नाही.

घाटातल्या पिकअपसाठी आधी एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग पाहा. मग थंड इंजिन सुरू करून बॉनेट उघडा आणि कान द्या. टिक्-टिक् असा आवाज येऊन इंजिन तापल्यावर तो नाहीसा होत असेल, तर मॅनिफोल्डच्या (सिलिंडरमधला धूर एकत्र करून पाइपात सोडणाऱ्या भागाच्या) पॅकिंगमधून गळती आहे. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा भास होतो आणि कॉम्प्युटर विनाकारण पेट्रोल वाढवतो. अॅव्हरेज तिथे गळत असते.

उत्तर ३ (पंचवटीहून)

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९०(२) लागू होते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरणे, इथपर्यंत तरतूद आहे. तुमचे सगळे अंदाजपत्रक एका चलनात जाऊ शकते. २०३३ मध्ये पेठ रोडच्या आरटीओत पुनर्नोंदणीसाठी गाडी न्याल, तेव्हा कन्व्हर्टरचा प्रश्न पुन्हा उभा राहील. मूळ मापाचा, मूळ आवाजाचा सायलेन्सर चांगल्या धातूत बसवण्याने मात्र कसलीच अडचण येत नाही.

प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. अंबडच्या सदस्यांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी बॉनेट उघडून ऐकले, तर टिक्-टिक् स्पष्ट ऐकू आली. मॅनिफोल्डच्या कडेला काजळीचा बोटभर काळा डाग होता आणि एक नट हातानेच फिरत होता. पॅकिंग आणि नट मिळून मजुरीसह चौदाशे रुपये लागले. मागचा डबा ३०४ चा घेतला, दुकानात चुंबक लावून पाहिले तेव्हा दुकानदारानेच दुसरा डबा आतून काढून दिला. आर्गॉन जोड, तीन रबरे आणि एअर फिल्टर धरून एकूण खर्च आठ हजार नऊशे झाला. कन्व्हर्टरला हात लावू दिला नाही.

गेल्या रविवारी कसारा घाटातून जाऊन आलो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पूर्वीपेक्षा मोकळी चालते, चौथा मात्र अजूनही पेलत नाही, आणि चार माणसे बसलेल्या बाराशे सीसीच्या गाडीकडून त्याहून अधिक मागू नये असे आता वाटते. एक शंका उरली आहे. आयडलिंगला मागून पत्रा थरथरल्यासारखा बारीक आवाज येतो. तो नव्या डब्याचा असावा का?

उत्तर (अंबडहून)

बहुधा तो डब्याचा नसून पाइपावरच्या हीट शील्डचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा, असेल. गाडी थंड असताना शील्ड हाताने दाबून पाहा. ते हलत असेल, तर शील्ड आणि पाइप यांना मिळून एक मोठी स्टेनलेस होज क्लिप आवळून टाका. शील्ड काढून फेकू नका, त्याच्यावरच गाडीच्या तळाचे रबर आणि वायरिंग उष्णतेपासून वाचते.