एका पगारात वर्षाचे मोठे खर्च कसे बसवायचे?

प्रश्न: धाकटी झाल्यावर बायकोने नोकरी सोडली. महिन्याचं कसंबसं भागतं, पण विम्याचा हप्ता आणि थोरल्याची फी एकदम आली की गाडं अडतं. तुम्ही काय करता?

काटकसरी: वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांची बेरीज करा, 12 ने भागा. तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात आपोआप वळती होऊ द्या. त्या खात्याचं कार्ड मात्र घेऊ नका, हात शिवशिवतात.

निशिगंध: मुदत विमा आहे ना? कमावतं माणूस एकच, तेव्हा 6 महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळीही हवी.

प्रश्नकर्ता: विमा आहे. गंगाजळी शून्य!

काटकसरी: मग आधी एका महिन्याची जमवा. आणि हिशेब दोघांनी बघा. आमच्याकडे कमावते मी, वही नवऱ्याकडे.