वाळवंटातल्या गावांमधले दिवस: पुणेकरांचे अनुभव

पुण्याहून अहमदाबाद, सांचोरमार्गे बाडमेर-जैसलमेरकडे गाडीने जाणारे बहुतेक जण किल्ला आणि समच्या वाळूच्या टेकड्या पाहून परततात. वाटेतल्या ढाण्यांमध्ये (वस्त्यांमध्ये) आणि लहान गावांत ज्यांनी मुक्काम केला, त्यांनी तिथल्या रोजच्या जगण्याविषयी लिहावे, ही विनंती. हॉटेले आणि उंटसफारीचे दर इथे नकोत.

कोथरूड, निवृत्त पाटबंधारे अभियंता

माझी सारी नोकरी धरणांवर गेली, त्यामुळे वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात गहू उभा दिसला तेव्हा मी गाडी थांबवायला सांगितली. ते खडीन होते. खडकाळ उतारावरून येणारे पाणी खालच्या अंगाला लांब बांध घालून अडवायचे, जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पेरायचा, ही पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी बसवलेली रीत आजही चालू आहे. पाण्याबरोबर आलेला गाळ शेत कसदार ठेवतो आणि जास्तीचे पाणी सांडव्यावरून निघून जाते.

त्याहूनही मी थक्क झालो ते बेरी पाहून. वाळूखाली जिथे जिप्समचा थर असतो, तिथे पावसाची ओल त्या थरावर अडून राहते आणि खोलवरच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तेवढीच ओल पाझरून जमावी म्हणून अगदी अरुंद तोंडाची विहीर खणतात. साठते ते थोडेच, पण गोडे. आमच्याकडे स्थापत्य शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही विहीर दाखवायला हवी, असे मला मनापासून वाटते.

हडपसर, गृहिणी

जोधपूरजवळच्या खेजडलीला अवश्य थांबावे. 1730 मध्ये खेजडीची (शमीची) झाडे वाचवताना अमृतादेवींसह बिश्नोई पंथाच्या 363 जणांनी इथे प्राण दिले. त्याच झाडाच्या शेंगा म्हणजे सांगरी. सुकवलेल्या केर (एका झुडपाची फळे) आणि सांगरीची भाजी आणि बाजरीचा सोगरा (जाड भाकरी) आम्हाला ज्या आग्रहाने वाढला गेला, तो विसरता येत नाही.

सदाशिव पेठ, गायन शिक्षिका

बाडमेरकडच्या मांगणियार गायकांचे घराणे मुसलमान, तर त्यांचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी राजपूत. यजमानाकडे मूल जन्मले किंवा लग्न निघाले की गाणे यांचेच. गजाने वाजणाऱ्या कमायच्याचा खर्जातला स्वर समोर बसूनच ऐकावा. मुले वडिलांच्या शेजारी बसून, कुठलीही वही न उघडता शिकतात.

वारजे, मूळचा भोर तालुक्यातला

आमच्या गावाला देवराई आहे, म्हणून जैसलमेरच्या ओरणांविषयी लिहितो. देवाच्या नावाने राखलेल्या या कुरणांत गुरे चरतात, पण हिरव्या फांदीला कुऱ्हाड लागत नाही. माळढोकही याच मोकळ्या भूमीवर तग धरून आहे. आता सौर आणि पवनऊर्जा प्रकल्पांच्या वीजवाहिन्या तिथवर पोहोचल्या आहेत. महसुली दप्तरात बऱ्याच ओरणांची नोंद पडीक जमीन अशी असल्याने ती या प्रकल्पांना सहज दिली जाते. ही नोंद ‘ओरण’ म्हणूनच व्हावी, यासाठी तिथले पशुपालक लढत आहेत.