हातच्याची वजाबाकी: वर्गातली सुधारणा दर आठवड्याला मोजायची कशी?

रानजाई
इयत्ता चौथी, पट ३०. घटक चाचणी होते, गुण नोंदवहीत चढतात, मागे पडलेल्यांसाठी उपचारात्मक तासही होतो. तरी पुढच्या चाचणीत तीच मुलं ४०२ − १७६ सारख्या, मध्ये शून्य असलेल्या वजाबाकीत अडकतात. प्रशिक्षणात ‘नियोजन, कृती, अभ्यास, अंमल’ हे सुधारणेचं चक्र सांगतात. कागदी घोडे न वाढवता, एकट्या शिक्षकाने ते कसं चालवायचं?

पाटीपेन्सिल
मॅडम, आधी ध्येय लहान करा. ‘गणित सुधारणे’ मोजता येत नाही. ‘आठ आठवड्यांत ३० पैकी २४ मुलांची मध्ये शून्य असलेली दोन्ही उदाहरणं बरोबर यावीत’ हे मोजता येतं. मग आठवड्यातून एकदा पाच उदाहरणांची चिठ्ठी द्या: एक बिनहातच्याचं, दोन एकदा हातचा घेण्याची, दोन शून्याची. वेळ आठ मिनिटं. आकडे बदला, काठिण्य तेच ठेवा. एका आठवड्यात ४०२ − १७६ आणि पुढच्यात ५३० − २१४ दिलंत तर प्रगती दिसेल, पण ती कागद सोपा झाल्यामुळे. दुसऱ्यात शून्य एककात आहे, हातचा एकदाच घ्यावा लागतो.

खरं काम पुढे आहे. गुण बाजूला ठेवून चुकलेलं उत्तर वाचा. ४०२ − १७६ चं बरोबर उत्तर २२६.

३७४ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय. त्याला हातचा म्हणजे काय हेच उमगलेलं नाही, त्याला काड्यांचे गठ्ठे सोडायला द्या. ३२६ आलं तर शून्याचे नऊ केलेत, पण शतकातला एक कमी करायचा राहिलाय. तिथे खेळातली शंभराची नोट मोडून दहाच्या दहा करा, त्यातली एक मोडून दहा सुटे. हातात तीनच शंभराच्या उरल्यात हे मुलाने स्वतः मोजायला हवं. २७६ वाल्याने शतक थेट एककासाठी मोडलं आणि दशकात ० मधून ७ जात नाहीत म्हणून उलटं वजा केलं. नोंदवहीत तिघांनाही शून्यच गुण, आणि उपचारात्मक तासात तिघांना एकच उपाय. तास वाया जातो तो इथेच.

आलेखवही
चक्राचं मूळ वॉल्टर शूहार्ट यांच्या कारखान्यातल्या गुणवत्ता-नियंत्रणाच्या कामात आहे. ते पुढे नेणाऱ्या एडवर्ड्स डेमिंग यांना तिसऱ्या पायरीला ‘तपासणी’ऐवजी ‘अभ्यास’ हाच शब्द हवा होता. वर सांगितलेलं चुका वाचणं म्हणजे तोच अभ्यास.

आठवड्यातून एकच चिठ्ठी मात्र कमी पडते. दोन घ्या, हवं तर तीनच उदाहरणांच्या, पण त्यात शून्याची दोन हवीतच. दर चिठ्ठीला किती मुलांची शून्याची दोन्ही उदाहरणं बरोबर आली, तो आकडा आलेखावर ठिपक्याने दाखवा. कारण असं, की एखादा ठिपका वर गेला म्हणून उपाय लागू पडला असं होत नाही. सुरुवातीच्या सहा चिठ्ठ्या नेहमीसारखं शिकवत घ्या, त्यांच्या मध्यकाची (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या किमतीची) आडवी रेघ मारा. बदल ज्या दिवशी केला तिथे बाण काढा. त्यानंतर सलग सहा ठिपके रेघेच्या वर राहिले तर बदल खरा माना. एका वेळी एकच बदल. नोटाही आणल्या, मुलांच्या जोड्याही बदलल्या, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

भिंतीवर फक्त वर्गाचा एकूण आकडा लावा, मुलांची नावं नकोत. प्रत्येकाचा आलेख त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर, चौकटी त्यानेच रंगवायच्या.

सकाळशाळा
बाजाराच्या दिवशी आणि शनिवारी चिठ्ठी नको. हजेरी घटते, अनेकदा कच्चीच मुलं घरी असतात आणि टक्केवारी फुगते. गैरहजर मुलांना दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी द्या.

रानजाई
आठवड्याला साठ चिठ्ठ्या तपासायच्या कशा?

पाटीपेन्सिल
शून्याची दोनच उदाहरणं तपासा. गुण न देता ढीग करा: बरोबर, ३७४ सारखे, ३२६ सारखे, २७६ सारखे, इतर. ‘इतर’मधल्या मुलाला जवळ बसवून ‘कसं केलंस ते बोलत बोलत करून दाखव’ म्हणा, अंदाज बांधू नका. छोटी चाचणी हे आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता चालणाऱ्या, मूल्यमापनाचं साधन आहेच, त्यामुळे नोंद तिथेच जाईल, वेगळी वही नको. आणि ध्येय गाठल्यावर तीन आठवड्यांनी न सांगता शून्याची दोन उदाहरणं पुन्हा घाला. २४ चा आकडा खाली आला तर नोटा पुन्हा बाहेर काढा.