केंद्रातून घरी आलेली विशीतली मुलं दोन भेटींनंतर येणं बंद करतात. काय चुकतंय?

कोयनाकाठ

कराडजवळच्या एका समुपदेशन केंद्रासाठी विचारते आहे. व्यसनमुक्ती केंद्रात महिना-दीड महिना राहून आलेली १८ ते २५ वयाची मुलं आमच्याकडे पाठपुराव्याला येतात. जास्त दारूवाली, थोडी गांजाची, आणि हल्ली झोपेच्या गोळ्यांचीही. पहिल्या भेटीला वडील किंवा मामा धरून आणतात, दुसरीला मुलगा एकटा येतो, तिसरीला फोन बंद.

आमच्याकडे बोलायची पद्धत मायेची आहे, ओरडत कुणी नाही. तरी गळती थांबत नाही. वडील म्हणतात, "मॅडम, तुम्ही लाडच करताय, जरा दम द्या." शिवाय प्रत्येक भेटीनंतर त्यांचा फोन येतो, "काय म्हणाला?" त्यांना काय सांगायचं? आणि मुलगा मध्येच पिऊन आला तर त्या दिवशी नेमकं काय करायचं? पुस्तकी नको, खोलीत बसून करण्यासारखं सांगा.

अजिंक्यतारा

ताई, माया आणि समजून घेणं यांत फरक आहे. "बाळा, तू हुशार आहेस, का असं करतोस" हे मायेचंच वाक्य आहे, पण ऐकणाऱ्याला तो आरोपच वाटतो. "का" विचारलं की माणूस जबाब द्यायला लागतो, आणि जबाब ठरलेला असतो: टेन्शन. त्याऐवजी "त्या दिवशी दुपारी चारपासून काय काय झालं, सांगशील?" असं विचारा. मग पगार, कट्टा, भावाशी झालेलं भांडण, सगळं क्रमाने बाहेर येतं.

पहिल्या भेटीची बैठक आधी बदला. बहुतेक ठिकाणी वडील पाऊण तास बोलतात आणि मुलगा फरशी मोजतो. तास असेल तर पहिली १० मिनिटं सगळे, मग ३५-४० मिनिटं मुलगा एकटा, शेवटी पुन्हा सगळे. शेवटच्या भागात घरच्यांसमोर काय बोलायचं ते मुलाला विचारून ठरवा. त्यासाठी एका कागदावर तीन रकाने पाडा: घरी सांगायचं, विचारून सांगायचं, सांगायचं नाही. भेटीला आला की नाही आणि पुढची तारीख काय, हे पहिल्या रकान्यात. कुणाबरोबर बसला, पैसे कुठून आले, मैत्रीण आहे का, हे बहुधा तिसऱ्यात जातं. जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता असेल तर मात्र गप्प राहणार नाही, हे त्याच दिवशी, आधीच सांगायचं. वेळ आल्यावर सांगितलं तर तो दगाच वाटतो. वडिलांच्या फोनला मग उत्तर तयार असतं: "आला होता, शुक्रवारी पुन्हा येणार आहे. बाकी त्यालाच विचारा, पण रात्री नको, सकाळी."

आता खोलीतलं बोलणं. तो म्हणतो, "मित्रांबरोबर बसणं नाय सुटायचं." आपल्या तोंडात लगेच येतं, "मग दारू सुटणार कशी?" झालं. बदलाची बाजू आपण घेतली की उरलेली बाजू त्याला घ्यावीच लागते आणि तो मित्रांची वकिली सुरू करतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या समुपदेशनाच्या पद्धतीची मांडणी केली, तिचं मर्म हेच: बदलाची कारणं समुपदेशकाच्या नव्हे, त्याच्या तोंडून यायला हवीत. म्हणून इथे एवढंच म्हणायचं: "मित्रही हवेत, आणि गेल्या वर्षीसारखं अ‍ॅडमिट होणंही नको." आणि गप्प बसायचं. पाच-सहा सेकंदांची शांतता आपल्याला फार लांब वाटते. तिथेच बहुतेक जण पचकतात.

आकड्याचा प्रश्नही वापरा, पण उलटा नको. "० ते १० मध्ये दारूपासून लांब राहणं तुला किती महत्त्वाचं?" तो म्हणाला ५. आपण विचारतो, "८ का नाही?" त्यावर अडचणींची यादीच येते. "५ म्हणालास, २ का नाही म्हणालास?" असं विचारा. मग तो स्वतःच सांगतो: आईची झोप, गाडीचे हप्ते, भरतीची तयारी. ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत वाचून दाखवा.

तिसऱ्या भेटीला गळती होण्याची कारणं बहुधा दोन. केंद्रातून येताना असलेला उत्साह दोन-तीन आठवड्यांत ओसरतो आणि झोप अजून बसलेली नसते. दुसरं, मध्ये एकदा घेतलेली असते आणि तोंड दाखवायची लाज वाटते. म्हणून "घसरलास तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी इथे यायचं" हे पहिल्याच भेटीत बोलून ठेवा. पहिला महिना आठवड्यातून दोनदा छोट्या भेटी ठेवा, ३० मिनिटांच्या चालतील. पंधरवड्यातून एक लांबलचक भेट या वयात टिकत नाही. एमआयडीसीत कामाला असेल तर वेळ पहिली पाळी सुटल्यानंतरची द्या. आदल्या संध्याकाळी मेसेज करा, पण त्यात केंद्राचं नाव नको. "उद्या ५ला भेटू" पुरे. फोन घरात चार जण बघतात.

द्राक्षबाग

वडिलांच्या "दम द्या" वर. दम गावात सगळ्यांनी देऊन झालेला असतो, तुमचा एकोणिसावा. पण घरच्यांना रिकाम्या हाताने पाठवू नका, नाहीतर ते तोंडाचा वास घेणं आणि खिसे तपासणं चालूच ठेवतात. चारच गोष्टी सांगा. प्यायलेला असताना वाद नाही, जेवायला वाढा आणि झोपू द्या. बोलणं सकाळी, एकाच विषयावर, पाच मिनिटं. न घेतलेल्या दिवशी काहीतरी चांगलं घडू दे: बरोबर जेवण, ट्रॅक्टर किंवा गाडी हातात देणं. घेतलेल्या दिवशी ते आपोआप मिळत नाही, त्याला शिक्षा म्हणायचं नाही. आणि त्याची उधारी परस्पर भागवायची नाही.

पैशाचं मात्र नीट ठरवा. पगार सगळा काढून घेतला तर २३ वर्षांचा मुलगा पोरका झाल्यासारखा वागतो आणि उसनवारी सुरू करतो. पगाराच्या दिवशीच हप्ता, किराणा, बचत खात्यातून वळती होऊ द्या. रोजच्या खर्चाची रक्कम त्याने स्वतः ठरवून आठवड्याने घ्यावी.

अजून एक, हे आपल्याकडे फार चालतं: "लग्न लावून दिलं की सुधारेल." पहिलं वर्ष हा विषय बंद ठेवा म्हणून घरच्यांना स्पष्ट सांगा. त्या मुलीवर नर्सचं काम लादण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मिरज_वॉर्ड

समुपदेशन कितीही चांगलं असो, काही गोष्टी आधी डॉक्टरांकडेच जायला हव्यात. तुमच्या टेबलाच्या काचेखाली हे ठेवा.

रोज पिणाऱ्याने पुन्हा भरपूर पिऊन अचानक थांबवलं तर हात थरथरणं, घाम, अस्वस्थता ६ ते २४ तासांत सुरू होते. फिट यायची भीती साधारण पहिल्या दोन दिवसांत. भास आणि बरळणं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, आणि ते जिवावर बेततं. असा मुलगा "मनाने खंबीर हो" म्हणून घरी पाठवायचा नाही. सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला पाठवायचा. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्याने एका दिवसात बंद केल्या तर फिट येऊ शकते. त्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवायच्या असतात. "घरी आलेल्या गोळ्या संडासात टाकल्या" हे वडील अभिमानाने सांगतात तेव्हा पोटात गोळा येतो.

अफूवर्गीय (हेरॉइन, ब्राउन शुगर अशी) नशा करणाऱ्यांना एक वाक्य केंद्रातून बाहेर पडतानाच सांगायला हवं: महिनाभर बंद असेल तर शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस आता जीव घेऊ शकतो. हे सांगणं म्हणजे घ्यायला सुचवणं नव्हे.

डायसल्फिराम (ही चालू असताना दारू प्यायली तर त्रास होतो, अशी दारू सोडवायची गोळी) चहात किंवा आमटीत गुपचूप मिसळणं बंद करा आणि करणाऱ्यांनाही थांबवा. ती गोळी माणसाला माहीत असताना, त्याच्या संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी सुरू करायची असते. नकळत दिली आणि तो प्यायला तर चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं होऊ शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. त्याशिवाय त्याला कळलं की घरच्या जेवणावरचा विश्वास जातो, तो परत येत नाही.

गांजावाल्यांच्या लघवी तपासणीबद्दल: रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो बंद केल्यावरही कित्येक आठवडे सापडू शकतो. विसाव्या दिवशी पॉझिटिव्ह आली म्हणून "खोटं बोलतोस" म्हणू नका. अशा वेळी खरं बोलणारा मुलगा कायमचा निघून जातो. गांजा सोडल्यावर चिडचिड, भूक मरणं आणि भयंकर जिवंत स्वप्नं पडतात. पहिला आठवडा वाईट, दोन-तीन आठवड्यांत बरंच निवळतं, हे आधी सांगितलेलं असलं की तो घाबरत नाही.

आणि मरण्याचा विचार येतो का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही. घरात औषध, म्हणजे फवारणीचं, कुठे ठेवलंय ते विचारून घरच्यांकरवी कुलपात टाकायला लावा. आपल्याकडे ऊस-द्राक्षाच्या घरात ते हाताशीच असतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

कोयनाकाठ

खूप उपयोगी. दोन गोष्टी अजून. यात्रांचे दिवस येतायत, एका मुलाच्या गावची यात्रा पुढच्याच आठवड्यात आहे. आणि दुसऱ्याला घरच्यांनी माळ घालायला लावली आहे. माळेबद्दल काय करायचं ते कळत नाही.

अजिंक्यतारा

यात्रेला "जाऊ नको" म्हणणं फुकट आहे, घर त्याचंच आहे. तास पाडा. पालखी आणि छबिन्याची रात्र एक, आणि दुसरा दिवस मटणाचा, पाहुण्यांचा. धोका बहुतेक दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, जेवणावळ उठल्यावर, शेतातल्या वस्तीवर. तेव्हा कागदावर लिहा: दुपारी २ ते ६ तो कुठे असेल, कुणाबरोबर, कुणाच्या गाडीवर. वाढप्यात उभा राहणार असेल तर उत्तम, हात गुंतलेले राहतात. उपाशी राहायचं नाही, सकाळी पोटभर खायचं. आदल्या रात्री किमान सहा तास झोप. तलफ आली तर ती बहुधा १५ ते ३० मिनिटांत चढून उतरते. तेवढा वेळ जागा बदलायची, पाणी प्यायचं, ठरलेल्या माणसाला फोन लावायचा. तो माणूस आधी विचारून ठरवलेला हवा.

"नाही" कसं म्हणायचं याचा सराव खोलीत करून घ्या, मोठ्याने. तुम्ही मित्र व्हा, तो नाही म्हणेल. पहिल्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा आवाज ठाम होतो. "डॉक्टरच्या गोळ्या चालू हायत" किंवा "कावीळ होऊन गेली" हे आपल्या भागात बिनशर्त मान्य होतं. प्रामाणिकपणाचा हट्ट तिथे धरू नका. गावजेवणात कबुलीजबाब देण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

माळ. तिचा एक मोठा उपयोग: "माळ हाय मला" म्हटलं की आग्रह करणाराही हात मागे घेतो. इतकं पक्कं नकाराचं वाक्य आपण शोधूनही तयार करू शकणार नाही. धोका दुसऱ्या टोकाला आहे. एक घोट गेला की "माळ बाटली", मग ती काढून देव्हाऱ्यात ठेवतो, आणि आता काय उरलंय म्हणून आठवडाभर पितो. एका घसरण्याचं पूर्ण कोसळण्यात रूपांतर होतं ते याच ठिकाणी. दारूपेक्षा त्या विचाराने. म्हणून माळ आहे तोवरच विचारा: "समजा घसरलास, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या माळकऱ्याकडे जाशील?" गावात एखादे समजूतदार आजोबा असतात. नाव त्यालाच काढू द्या. आणि ज्याला माळ नको आहे त्याला घालू नका. लादलेली माळ पहिल्याच यात्रेत निघते.

पिऊन आला त्या दिवशी: खोलीत घ्यायचं, पाणी द्यायचं, समुपदेशन करायचं नाही. "आलास ते बरं केलंस. उद्या ११ला बोलू." स्वतः गाडी चालवून जाऊ द्यायचं नाही, किल्ली मागून घ्या. बेशुद्धीकडे झुकत असेल तर कुशीवर झोपवून १०८ला फोन. दुसऱ्या दिवशी तिघांत बोलायचं, तो, तुम्ही आणि घड्याळ: किती वाजता ठरलं, त्याआधी एक तास काय झालं, पहिल्या घोटानंतर डोक्यात कोणतं वाक्य होतं, थांबला कसा. थांबला असेल तर तो भाग जास्त वेळ विचारा. तीन क्वार्टरऐवजी एकीवर थांबला, तर त्याने कुठलं तरी ब्रेक दाबलंय. ते कोणतं, ते त्यालाही माहीत नसतं.

सांगलीवाडी

कायद्याचं थोडक्यात, कारण वडिलांचे फोन येतायत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जशी निगडित आजार येतात. १८ पूर्ण झालेल्याची उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं हा त्याचा हक्क आहे. जिवाचा धोका, दुसऱ्याला इजा असे अपवाद आहेत. त्याने स्वतः कुणाला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयात त्याला मदत करणारा, त्यानेच निवडलेला माणूस) केलं असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ते नाव पहिल्या भेटीतच विचारून नोंदवा. साखळीने बांधून ठेवणं कुठल्याही कारणाने चालत नाही. असं करणाऱ्या केंद्रातून मुलगा आलेला असेल तर त्याच्या अबोल्याचं कारण तेही असू शकतं, घाई करू नका.

अमली पदार्थाच्या सेवनाची किंवा अल्प प्रमाणाची केस असेल तर १९८५च्या एनडीपीएस कायद्याचं ६४-अ कलम वकिलाला दाखवा: मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून पूर्ण उपचार घेणाऱ्याला त्यात खटल्यापासून सवलत आहे. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते.

कोयनाकाठ

तीन रकान्यांचा कागद सोमवारपासून सुरू करते. त्यावर वडिलांची सही घ्यायची का?

अजिंक्यतारा

नको. सही घेतली की ते त्याची प्रत मागतात, आणि पुढच्या भांडणात तो कागद मुलाच्या तोंडावर फेकला जातो. मुलाच्या अक्षरात लिहून घ्या, तुमच्या फाइलला लावा, आणि महिन्याने रकाने पुन्हा विचारा. बऱ्याचदा तिसऱ्यातली एखादी गोष्ट तोपर्यंत दुसऱ्यात सरकलेली असते.