सोसायटी ग्रुप: बार्सिलोनाला जाताय, तर एक दिवस मोंतसेन्यला द्या

बी-२०४ काका: नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघं लेकीकडे बार्सिलोनाला चाललोय. ती म्हणते, एक दिवस मोंतसेन्यच्या जंगलात जाऊ. कोणी गेलंय का? हिचे गुडघे दुखतात, झेपेल का?

ए-३०१ काकू: नक्की जा! आम्ही दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत गेलो होतो. शहरापासून जेमतेम ५० किमी. १९७८ पासून युनेस्कोचं संरक्षित जीवावरण क्षेत्र आहे. रेल्वेने सांत सेलोनी गाठायचं, तिथून शनिवार-रविवारी वर सांता फेला बस असते. वेळा लेकीला आधी बघून ठेवायला सांगा. सांता फेच्या तलावाभोवतीची वाट सोपी आहे, वहिनींना जमेल.

सी-१०२ ताई: जंगल म्हणजे नेमकं कसं? आपल्या भीमाशंकरसारखं?

ए-३०१ काकू: नाही गं, वेगळंच. पायथ्याला भूमध्य समुद्राकाठची कोरडी, सदाहरित झाडी. त्यात बुचाचे ओक. आपल्याकडे ज्याची पांढरी फुलं सकाळी रस्त्यावर पडतात ते बुचाचं झाड नव्हे. बाटलीचं बूच ज्याच्या सालीचं होतं ते हे. साल काढलेला बुंधा गेरूसारखा लाल दिसतो. शेजारच्या झाडाच्या जुन्या सालीला हात लावला, तर खडबडीत पण उबदार लागली. पुन्हा साल काढण्याजोगी जाड व्हायला १२-१४ वर्षं लागतात.

वर जाल तसं हे सगळं मागे पडतं. सांता फेला बीच नावाची (समुद्रकिनाऱ्याचा बीच नव्हे), थंड प्रदेशातली झाडं, पिवळी-तांबूस, आणि पायाखाली घोट्यापर्यंत पाचोळा. अजून वर फरची सूचिपर्णी झाडं. एका दिवसात स्पेनमधून निघून जर्मनीत पोचल्यासारखं वाटतं! तुरो दे लोमा हे सगळ्यात उंच शिखर १७०६ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा बरोब्बर ६० मीटर जास्त.

डी-५०३: काकू, आम्ही जुलैत जाणार. मुलांना ओढ्यात खेळता येईल ना?

ए-३०१ काकू: ओढ्यात अजिबात उतरू देऊ नका, हे मी कळकळीने सांगते. तिथे एक न्यूट आहे, बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद. जगात फक्त मोंतसेन्यच्या मोजक्या थंड ओढ्यांत सापडतो. २००५ पर्यंत त्याला पिरेनीज पर्वतातल्या न्यूटचाच प्रकार समजत; मग कळलं, ही जातच वेगळी. आता नामशेष व्हायच्या काठावर आहे. तो मुख्यतः कातडीतूनच श्वास घेतो, त्यामुळे पाणी आटलं, तापलं की संपलंच.

आमच्या नातवाने ओढ्यातला एक दगड उचलला होता. तिथल्या एक आजी जवळ आल्या, दगड त्याच्या हातातून घेतला आणि होता त्याच खळग्यात, त्याच कुशीवर परत ठेवला. रागावल्या नाहीत. पण मला फार लागलं ते.

आणि जुलैत वणव्याची भीती असते. १५ मार्च ते १५ ऑक्टोबर जंगलात विस्तव पेटवायला बंदी. धोका फार वाढला की वाटाही बंद करतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

बी-२०४ काका: वहिनी, खूप आभार. बूट तेच नेऊ का, सिंहगडावर वापरतो ते?

ए-३०१ काकू: न्या, पण तळ घासून, धुऊन, अगदी खडखडीत वाळवून. ओल्या चिखलातून बेडकांच्या रोगाची बुरशी एका ठिकाणाहून दुसरीकडे जाते. कडक ब्रश माझ्याकडे आहे, संध्याकाळी घेऊन जा.